संगणकवर्गाचा पहिला धडा: चूक पुसायची कशी

प्रौढांसाठी चालणाऱ्या पायाभूत संगणकवर्गांचा अभ्यासक्रम बहुतेक वेळा एकाच ठिकाणाहून सुरू होतो. आधी संगणकाच्या पिढ्या, सीपीयूची व्याख्या, इनपुट आणि आउटपुट साधनं. मग वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. शेवटच्या आठवड्यात घाईघाईने इंटरनेट, आणि अखेरीस बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा. शाळेतल्या मुलांसाठी बेतलेला हा क्रम पन्नाशीच्या माणसापुढे जसाच्या तसा ठेवला जातो. प्रमाणपत्र मिळतं, पण घरी गेल्यावर एखादा अर्ज डाउनलोड करून, भरून, ईमेलला जोडून पाठवायची वेळ आली की तोच माणूस पुन्हा कुणाला तरी हाक मारतो. याचा दोष शिकणाऱ्याच्या वयाला दिला जातो. माझ्या मते दोष त्या क्रमाचा आहे. प्रौढांच्या वर्गात सगळ्यात आधी चूक दुरुस्त करायला शिकवावं, त्यानंतर आपली फाइल कुठे आहे ते शोधायला, आणि बाकीचं सारं या दोन गोष्टींच्या आधाराने. वर्गांवर सार्वजनिक पैसा खर्च होत असेल तर त्याचा हिशेबही याच दोन गोष्टींवर मागावा.

संगणकासमोर बसलेलं दहा वर्षांचं मूल दिसेल ते दाबून बघतं. काही बिघडलं तर त्याचा भुर्दंड त्याला भरावा लागत नाही. मोठ्या माणसाने मात्र आयुष्यभर काम करताना चुकीच्या सहीचे, चुकलेल्या आकड्याचे, घाईत केलेल्या कामाचे परिणाम पाहिलेले असतात. म्हणून तो प्रत्येक क्लिकआधी शिक्षकाकडे बघतो आणि ‘दाबू का?’ असं विचारतो. या सावधपणाला ‘नवं शिकायची तयारी नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. या यंत्रावर कोणती कृती मागे घेता येते आणि कोणती येत नाही, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ही अडचण मूठभरांची नाही. ‘ओईसीडी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ ते २०१५ या काळात ३३ देशांमध्ये १६ ते ६५ वयाच्या प्रौढांच्या कौशल्यांची पाहणी केली. त्यात संगणकाचा अनुभव नसल्यामुळे, माउस-कीबोर्डच्या प्राथमिक चाचणीतच अडल्यामुळे किंवा स्वतःहून ‘मला कागदावरच द्या’ असं सांगितल्यामुळे जवळपास चौथा हिस्सा संगणकावरच्या चाचणीपर्यंत पोचलाच नाही. सर्वांत वरच्या पातळीला पोचलेले जेमतेम वीसांत एक. कागद मागणाऱ्यांकडे मला विशेष लक्ष वेधायचं आहे. प्रयत्न करण्याआधीच त्यांनी माघार घेतली, आणि वर्गाने मोडून काढायची गोष्ट हीच आहे.

त्यासाठी पहिल्या दिवसाचे पहिले दीड तास असे असावेत. कोरं पान उघडायचं. त्यावर मनात येईल त्या पाच ओळी लिहायच्या, कितीही वेळ लागो. मग कंट्रोल की दाबून ठेवून ए दाबायचं: सगळा मजकूर निवडला जातो. आता डिलीट. पान कोरं. वर्गात या क्षणी नेहमी थोडी चुळबुळ होते, कारण वीस मिनिटांची मेहनत डोळ्यांदेखत गेलेली असते. मग कंट्रोल आणि झेड. पाचही ओळी परत. हे एकदा करून थांबायचं नाही, दहा वेळा करायचं, हाताला सवय होईपर्यंत. त्यानंतर ब्राउझरमध्ये एक टॅब मुद्दाम बंद करायची आणि कंट्रोल, शिफ्ट, टी दाबून परत आणायची. एक फाइल मुद्दाम डिलीट करायची आणि रीसायकल बिनमधून मूळ जागी पाठवायची. नको असलेली यादी उघडली तर एस्केप, सगळ्या विंडोंची गर्दी झाली तर विंडोज की आणि डी. पहिल्या तासात नवं काम एकही झालं नाही तरी चालेल. परत येण्याच्या या वाटा माहीत झाल्या की माणूस पुढे पाऊल टाकायला तयार होतो.

याच तासात दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. मागे घेता न येणाऱ्या कृती फार नाहीत: पाठवलेला ईमेल (काही सेवा फक्त काही सेकंदांची सवलत देतात), केलेलं पेमेंट, सादर केलेला अर्ज, शिफ्ट दाबून केलेलं डिलीट, रिकामं केलेलं रीसायकल बिन, आणि पेनड्राइव्हवरून उडवलेली फाइल, कारण ती सहसा रीसायकल बिनमध्ये जातच नाही. जुन्या मजकुरावर नवा सेव्ह करून फाइल बंद केली की बहुतेक प्रोग्रॅममध्ये कंट्रोल झेडचाही उपयोग राहत नाही. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावी. थांबून विचार करायची जागा एवढीच. बाकी ठिकाणी दाबून बघायला हरकत नाही. ‘घाबरू नका, काही होत नाही’ या मोघम धीरापेक्षा अशी नेमकी यादी जास्त धीर देते, कारण ती खरी असते.

या विचाराला जुना आधार आहे. जॉन कॅरल आणि त्यांचे सहकारी आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९८०च्या दशकात नवख्या माणसांना शब्दप्रक्रियेचा प्रोग्रॅम शिकताना निरखत होते. लोक जाडजूड पुस्तिका क्रमाने वाचत नाहीत, थेट स्वतःच्या कामाला हात घालतात आणि चुकीत अडकले की तासन्‌तास तिथेच फिरत राहतात, असं त्यांना दिसलं. १९८४ मध्ये त्यांनी नवख्यांना अडकवणाऱ्या सोयी तात्पुरत्या बंद करून पाहिल्या, तेव्हा शिकणारे लवकर कामाला लागले आणि चुका निस्तरण्यात त्यांचा कमी वेळ गेला. पुढे त्यांनी ज्या छोट्या पुस्तिका तयार केल्या, त्यांत चूक कशी ओळखावी आणि तिच्यातून बाहेर कसं यावं याला मुद्दाम जागा दिली. चाळीस वर्षांनंतरही वर्गातल्या छापील नोट्समध्ये चुकीसाठी एक पानही नसतं, हे खटकण्याजोगं आहे.

आता माउस. शिकवणाऱ्याला तो इतका अंगवळणी पडलेला असतो की ‘डबल क्लिक करा’ हे त्याला एक वाक्य वाटतं. प्रत्यक्षात त्यात तीन अटी एकदम सांभाळायच्या असतात. दोन टिचक्यांमधलं अंतर विंडोजच्या मूळ सेटिंगप्रमाणे अर्ध्या सेकंदाच्या आत हवं. दोन्ही वेळा बोट डाव्या बटणावरच हवं. आणि दोन टिचक्यांच्या मधे माउस जागचा हलता कामा नये. नवखा माणूस जोर लावून टिचकी मारतो, त्या जोराने माउस सरकतो, आणि संगणक ते डबल क्लिक न समजता फाइल ओढणं समजतो. आयकॉन भलत्याच जागी जाऊन बसतो, कधी शेजारच्या फोल्डरमध्ये पडतो आणि ‘फाइल गायब झाली’ अशी तक्रार येते. टिचक्या सावकाश पडल्या आणि त्याही नेमक्या फाइलच्या नावावर, तर नावाभोवती चौकट येऊन ते बदलण्याच्या स्थितीत जातं. पुढे कोणतंही बटण दाबलं की नाव पुसलं जातं. शिकणाऱ्याला वाटतं आपण काहीतरी मोडलं. एस्केप दाबलं की नाव जसंच्या तसं परत येतं, हे त्याच क्षणी दाखवावं.

उपाय साधे आहेत. मनगट टेबलावर टेकवायचं, माउस अंगठा आणि करंगळीच्या मधे हलका धरायचा, आणि फक्त तर्जनी हलवायची. माउसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करायचा. तरीही जमलं नाही तर डबल क्लिकचा हट्ट सोडायचा: एकदा क्लिक करून एंटर दाबलं की फाइल उघडतेच. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी विंडोजमध्ये क्लिकलॉक नावाची सोय आहे. तीत बटण दाबून न धरता मजकूर निवडता येतो किंवा वस्तू ओढता येते. वर्गात ही सोय किती जणांना दाखवली जाते?

उलट चूकही तितकीच महत्त्वाची. एकदा डबल क्लिक जमलं की माणूस सगळीकडे डबल क्लिक करतो, वेबसाइटवरच्या लिंकवर आणि ‘सादर करा’ या बटणावरसुद्धा. अर्ज दोनदा जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. डेस्कटॉपवर आणि फोल्डरमध्ये दोनदा, वेबसाइटवर एकदाच, असा सोपा नियम पहिल्याच आठवड्यात द्यावा. हाताच्या सरावासाठी पत्त्यांचा सॉलिटेअर अजूनही उत्तम आहे; १९९० साली विंडोज ३.० बरोबर तो आला तेव्हापासून असंख्य लोकांच्या हाताला वस्तू धरून ओढण्याचं वळण त्यानेच लावलं. कुणाला खेळ पोरकट वाटला तर फोल्डरमधली चित्रं वर्गवार लावायला द्यावीत. सराव तोच होतो.

डोळ्यांचा विचार तर बहुतेक वर्गांत होतच नाही. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचं दिसायचा भाग खाली असतो आणि तो पुस्तकाच्या अंतरासाठी केलेला असतो. स्क्रीन त्याहून लांब आणि वर असते, म्हणून माणूस हनुवटी उचलून बघतो आणि अर्ध्या तासात मान धरते. मॉनिटर खाली घ्यावा, वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली यावी, अंतर ५० ते ७० सेंटीमीटर ठेवावं. स्क्रीनवरची अक्षरं १२५ किंवा १५० टक्क्यांवर न्यावीत, पॉइंटर मोठा करावा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबलं की पान मोठं होतं, कंट्रोल आणि शून्य दाबलं की मूळ मापावर येतं. दिसत नसल्यामुळे अडलेल्या माणसाला ‘समजत नाही’ असं ठरवलं जातं, आणि हे पाच मिनिटांत टाळता येतं.

वर्गातली सगळ्यात वाईट सवय मात्र शिकवणाऱ्याची असते: ‘थांबा, मी करून देतो’ म्हणत माउस हातात घेणं. घरची तरुण मंडळी हेच करतात, म्हणून तर लोक वर्गाला येतात. शिक्षकाने आणि मदतनिसाने शिकणाऱ्याच्या माउसला आणि कीबोर्डला हात लावायचा नाही, हा नियम दारावर लिहावा इतका महत्त्वाचा आहे. बोटाने किंवा पेन्सिलीने जागा दाखवावी, तोंडाने सांगावं: ‘वर उजव्या कोपऱ्यातली फुली’, ‘डावीकडच्या यादीत तिसरं नाव’. सांगून झाल्यावर गप्प राहावं. स्क्रीन वाचायला, पॉइंटर शोधायला आणि तो तिथवर न्यायला शिकणाऱ्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. शिक्षकाला ती फार लांबलचक वाटतात. पण नेमक्या त्याच वेळात तो शिकत असतो.

आता दुसरा आधार, फाइल कुठे आहे हे कळण्याचा. स्मार्टफोन सहज वापरणारा माणूस संगणकावर अडतो त्याचं मुख्य कारण इथे आहे. फोनमध्ये फोटो गॅलरीत असतो, संदेश संदेशांच्या ॲपमध्ये. फोल्डरचं झाड फोनने त्याच्यापासून लपवलेलं असतं. संगणकावर एकच पत्र एकाच वेळी तीन ठिकाणी असू शकतं: ईमेलमध्ये आलेली प्रत, डाउनलोड्स फोल्डरमधली प्रत आणि डेस्कटॉपवर कॉपी केलेली प्रत. तिघींची नावं सारखी, मजकूर वेगळा.

एक अपघात पुन्हा पुन्हा घडतो, म्हणून तो नीट उलगडून पाहू. ईमेलला जोडून कोरा अर्ज येतो. शिकणारा त्यावर क्लिक करतो, अर्ज उघडतो, तो तासभर बसून भरतो, सेव्हचं चिन्ह दाबतो, बंद करतो. मग त्याच ईमेलमध्ये जाऊन अर्ज पुन्हा उघडतो. कोरा. काय झालं? अटॅचमेंट थेट ईमेलमधून उघडली की काही प्रोग्रॅम तिची प्रत एका तात्पुरत्या, नजरेआडच्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि भरलेलं सगळं तिथे सेव्ह होतं. ब्राउझरमधून ईमेल बघणाऱ्याच्या बाबतीत प्रत डाउनलोड्समध्ये जाते आणि तिथे भरलेली असतेच, पण हा माणूस तिकडे बघतच नाही. कारण त्याच्या लेखी अर्ज ईमेलमध्ये ‘आहे’. तो तीच ईमेल फॉरवर्ड करतो आणि समोरच्याला कोरा अर्ज जातो. किंवा पुन्हा डाउनलोड करतो, नावापुढे (१), मग (२) लागत जातं, आणि भरलेली प्रत त्या गर्दीत हरवते.

यातून सुटायचा क्रम पाठ करून घेण्याजोगा आहे. अटॅचमेंट आधी डाउनलोड करायची. उघडल्याबरोबर, एक अक्षरही न लिहिता, ‘सेव्ह ॲज’ करायचं. डावीकडे डॉक्युमेंट्स निवडायचं, नावात विषय आणि तारीख घालायची. मग भरायचं, सेव्ह करायचं, बंद करायचं. बंद केल्यावर डॉक्युमेंट्समध्ये जाऊन ती फाइल पुन्हा उघडून बघायची, मजकूर आहे याची खात्री करायची. त्यानंतरच नव्या ईमेलला जोडायची. आणि पाठवल्यावर ‘सेंट’मध्ये जाऊन जोडलेली फाइल एकदा उघडायची. बंद केल्यावर आणि पाठवल्यावर फाइल पुन्हा उघडून बघायची, या दोन पायऱ्या कुणी शिकवत नाही, आणि बहुतेक घोटाळे नेमके तिथे पकडले जातात.

वर्गात यासाठी खास सराव ठेवावा. मध्यंतरात शिक्षकाने प्रत्येकाची एक फाइल दुसऱ्याच फोल्डरमध्ये हलवायची. परतल्यावर ती शोधायची: नावातला एखादा शब्द टाकून, किंवा फोल्डर ‘बदलल्याची तारीख’ या स्तंभानुसार लावून, म्हणजे अलीकडची फाइल सगळ्यात वर येते. हा सराव तीन-चार वेळा झाला की ‘फाइल गेली’ हे वाक्य ‘फाइल कुठे गेली?’ असं बदलतं. काही ऑनलाइन प्रोग्रॅममध्ये सेव्हचं बटणच नसतं, लिहिता लिहिता आपोआप जतन होतं, हेही वेगळं सांगावं लागतं. नाहीतर माणूस अर्धा तास ते बटण शोधत बसतो.

‘आता फोनवरच सगळं होतं, संगणक कशाला शिकायचा?’ हा आक्षेप वजनदार आहे. पैसे पाठवणं, तिकीट काढणं, व्हिडिओवर बोलणं यासाठी फोन पुरतो, आणि ज्याला तेवढंच हवं त्याच्यावर संगणक लादू नये. पण दोन कागदपत्रं शेजारी ठेवून ताडून बघणं, चार पानांचं निवेदन लिहिणं, दहा रकान्यांचा हिशेब ठेवणं ही कामं फोनच्या पडद्यावर अशक्य नसली तरी छळणारी असतात. नोकरी बदलणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तर कामाच्या ठिकाणी संगणकच समोर दिसतो. फोन पुरेसा आहे हा निष्कर्ष दोन्ही माहीत असलेल्या माणसाने काढावा. दुसऱ्याने त्याच्या वतीने तो काढू नये.

दुसरा आक्षेप प्रमाणपत्रवाल्यांचा: अभ्यासक्रम ठरलेला असतो, वर्ड-एक्सेलची बटणं यायलाच हवीत. यायला हवीतच. प्रश्न बटणं किती काळ टिकतात हा आहे. २००७ च्या ऑफिसमध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या मेनूंच्या जागी रिबनची पट्टी आणली. ‘फॉरमॅट मेनूतला तिसरा पर्याय’ असं पाठ केलेले लोक एका दिवसात निरक्षर झाल्यासारखे बसले. २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढलं, २०१३ मध्ये ८.१ ने ते परत दिलं, २०२१ मध्ये विंडोज ११ ने ते मधोमध नेलं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार (सुधारणा आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे त्यावर शिकलेल्यांना पुन्हा नव्या पडद्याशी जुळवून घ्यायचं आहे. इतक्या उलथापालथीत कंट्रोल झेड, एक्स, सी, व्ही ही कीबोर्डच्या खालच्या ओळीत शेजारी शेजारी असलेली चार बटणं तीच काम करत राहिली. फाइलला नाव आणि जागा असते, हेही बदललं नाही. शिकवायला वेळ थोडा असेल तर टिकणाऱ्या गोष्टी आधी शिकवाव्यात, एवढा हा साधा हिशेब आहे. न बदलणारं शिकलेला माणूस बदलणारं शोधून काढतो: उजवं बटण दाबून यादी बघतो, चिन्हावर पॉइंटर थांबवून त्याचं नाव वाचतो, मदतीच्या चौकटीत शब्द टाकतो.

टायपिंग पहिल्या दिवसापासून मराठीत असावं. स्वतःच्या भाषेतल्या पाच ओळी लिहिणं आणि परक्या लिपीतली अक्षरं एकेक शोधून दाबणं यांत उत्साहाचा मोठा फरक पडतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कीबोर्ड पद्धतीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला असतात आणि डी या बटणावर हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) असतो. क, हलन्त, ष असं दाबलं की क्ष तयार होतो. उच्चारानुसार रोमन अक्षरं टाकण्याची पद्धत सुरुवातीला सोपी वाटते, पण तिला इंग्रजी स्पेलिंगची सवय लागते. मी नवख्याला इन्स्क्रिप्टच सुचवीन. एक खाचखळगा आधीच सांगावा: ‘ती’ पुसायला बॅकस्पेस दाबलं की आधी फक्त वेलांटी जाते आणि ‘त’ उरतो, कारण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. आणि जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा गिचमिड कचरा दिसतो तो बिघाड नसतो. त्या फॉन्टनी मराठी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवले होते. नवं लेखन युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, करायचं.

कीबोर्डच्या बाकी कुरबुरी लवकर सुटतात. बटण दाबून धरलं की अक्षरांची रांग लागते. सेटिंगमध्ये पुनरावृत्तीचा विलंब वाढवावा. पासवर्ड चुकतोय असं दिसलं की आधी कॅप्स लॉक बघावा. उजवीकडचे आकडे उमटत नसतील तर नम लॉक.

फसवणुकीचा धडा शेवटच्या दिवशी भाषण देऊन उरकला जातो, ते धोक्याचं आहे. तो हाताने करायचा धडा आहे. वेबसाइटचा पत्ता वाचताना सुरुवातीच्या दोन तिरक्या दांड्यांनंतर पहिला एकेरी दांडा शोधायचा आणि तिथून डावीकडे, टिंबांनी वेगळे झालेले दोन शब्द वाचायचे, काही देशांच्या पत्त्यांत तीन. साइटची खरी मालकी तिथे कळते; त्याच्या आधी बँकेचं नाव कितीही वेळा घातलेलं असो. कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की मधल्या कुणाला मजकूर वाचता येणार नाही. पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असं ते कधीच सांगत नव्हतं, आणि त्याचा तसाच अर्थ लोक घेतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह पत्त्याच्या पट्टीतून काढलं. ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं पान पूर्ण पडदा व्यापून कर्कश आवाज करू लागलं तर काय करायचं, याचा सराव वर्गातच व्हावा: एस्केप थोडा वेळ दाबून धरायचं, मग आल्ट आणि एफ ४, नाहीच जमलं तर कंट्रोल, शिफ्ट, एस्केपने टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करायचा. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारलं तर नाही म्हणायचं. फोन करायचा नाही, कुणाच्या सांगण्यावरून दुरून संगणक चालवणारं ॲप घ्यायचं नाही, ओटीपी सांगायचा नाही.

पासवर्डबाबत जुने नियम वर्गात अजून घोकवले जातात. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०१७ मध्येच ठरावीक काळाने सक्तीने पासवर्ड बदलायला लावणं गैर ठरवलं आणि चित्रविचित्र चिन्हांपेक्षा लांबीला महत्त्व दिलं. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द लक्षातही राहतात आणि तोडायलाही अवघड जातात. घरातल्या कपाटात ठेवलेल्या वहीत पासवर्ड लिहायला माझी हरकत नाही. तोच पासवर्ड सगळीकडे वापरण्यापेक्षा ते पुष्कळ बरं. ईमेलचा पासवर्ड मात्र सगळ्यांत वेगळा असावा, कारण बाकी खात्यांचे विसरलेले पासवर्ड बदलण्याच्या लिंक तिथेच येतात. मोबाइल नंबर बदलण्याआधी तो कुठल्या खात्यांना जोडलेला आहे हे तपासावं, नाहीतर ओटीपी जुन्या नंबरवर जात राहतो.

वर्ग कसा असावा याबद्दल माझी मागणी माफक आहे. एका यंत्रावर एकच माणूस. दोघं बसले की एक शिकतो, दुसरा बघतो. आठ-दहा जणांमागे एक शिक्षक आणि एक मदतनीस. दीड तासाचं सत्र, मधे दहा मिनिटांची सुट्टी, आठवड्यातून दोनदा, बारा ते चौदा सत्रं. दोन सत्रांत आठवड्याहून जास्त अंतर पडलं की हात पुन्हा अवघडतो. प्रत्येकाने दुसऱ्या सत्राला स्वतःचं एक खरं काम घेऊन यावं: भाड्याचा करार, संस्थेचा हिशेब, नोकरीचा अर्ज, नातवाला पत्र. वर्ड आणि एक्सेल त्या कामाच्या ओघात येतील. छापील नोट्सऐवजी शिकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत पायऱ्या लिहाव्यात, कारण घरी अडल्यावर त्याला स्वतःचेच शब्द कळतात.

आणि वर्ग संपल्यावर दार बंद करू नये. पुढचे तीन महिने आठवड्यातून एकदा दोन तासांची मोकळी वेळ ठेवावी. तिथे माणसाने घरचा लॅपटॉप घेऊन यावं, अडलेलं विचारावं. पैसे कमी असतील तर पॉवरपॉइंटची सत्रं कापून ही वेळ वाचवावी. वर्गातलं यंत्र आणि घरचं यंत्र यांत आवृत्ती, भाषा, मांडणी सगळंच वेगळं असतं, आणि शिकलेलं टिकतं की नाही ते घरच्या यंत्रावरच ठरतं.

राहिली परीक्षा. ‘खालीलपैकी आउटपुट साधन कोणते?’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर देणारा माणूस प्रिंट काढू शकेलच असं नाही. त्याऐवजी शिकणाऱ्याला कधी न पाहिलेल्या ईमेल सेवेसमोर बसवावं आणि ४० मिनिटं द्यावीत. अटॅचमेंट उतरवून भरायची, ठरलेल्या नावाने जतन करायची, परत पाठवायची. यंत्रावर आधीच तीन अडथळे पेरलेले असावेत: कॅप्स लॉक चालू, डाउनलोड्समध्ये त्याच नावाची जुनी फाइल, आणि पान २०० टक्क्यांवर मोठं झालेलं. स्वतःची वही उघडायला आणि इंटरनेटवर शोधायला पूर्ण मुभा. गुणपत्रिकेत वेग नको, दोनच नोंदी हव्यात: किती वेळा मदत मागितली, आणि अडल्यावर स्वतःहून किती वेळा बाहेर पडला. सहा आठवड्यांनी तीच परीक्षा वेगळ्या अर्जावर पुन्हा घ्यावी, आणि वर्ग चालवणाऱ्या संस्थेला पुढचा निधी देताना दुसऱ्या वेळचे आकडे बघावेत.